विमानवाहतुकीचे नियम कोण करतं : करार, की ज्याच्या हातात बाजार आहे तो?

वारादर्शक

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की आंतरराष्ट्रीय करार म्हणजे सह्यांचे समारंभ, खरे नियम प्रत्येक देशाचा नियामक आपापल्या मर्जीने करतो. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. नागरी विमानवाहतुकीत राष्ट्रीय नियामक बहुतेक वेळा कारकुनाचं काम करतो. मजकूर वरून येतो, तो त्याला आपल्या कायद्याच्या भाषेत उतरवून घेतो.

७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत ५२ देशांनी करारावर सह्या केल्या, ४ एप्रिल १९४७ ला तो लागू झाला, आज १९३ देश त्यात आहेत. गंमत अशी की कलम १ म्हणतं, आपल्या डोक्यावरच्या हवाई हद्दीवर प्रत्येक देशाचं पूर्ण आणि एकट्याचं सार्वभौमत्व. आणि कलम ३७ मध्ये तेच देश कबूल करतात की नियम शक्य तितके एकसारखे ठेवू. या कलम ३७ मधून विषयवार नियमांची १९ परिशिष्टं उभी राहिली.

परिशिष्टातली दुरुस्ती कशी होते ते बघा. तज्ज्ञांचं पॅनेल मसुदा करतं, १९ सदस्यांचा हवाई दिक्चालन आयोग तो तपासतो, सगळ्या देशांना पत्र जातं, साधारण तीन महिने अभिप्रायाला मिळतात. मग आयकाओच्या, म्हणजे या करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या, ३६ सदस्यांच्या परिषदेत दोन तृतीयांश मतांनी मंजुरी. त्यानंतर निम्म्याहून जास्त सदस्य देशांनी लेखी नापसंती कळवली तरच दुरुस्ती पडते. नाहीतर ती अमलात येते, आणि प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख बहुधा नोव्हेंबरातली असते, वैमानिकी माहितीच्या २८ दिवसांच्या चक्राशी जुळवलेली. कोणत्याही संसदेत मतदान नाही. गप्प बसलात म्हणजे मान्य.

आणि हे रोजच्या कामात किती खोल उतरतं? व्यावसायिक आंतरराष्ट्रीय उड्डाणात दोन वैमानिकांच्या विमानात वयाची मर्यादा ६५, एकट्या वैमानिकाला ६०. रेडिओवरच्या इंग्रजीची किमान पातळी ४, ती दर तीन वर्षांनी पुन्हा तपासायची, पातळी ५ असेल तर सहा वर्षांनी, ६ असेल तर पुन्हा नाही. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमधलं उभं अंतर पूर्वी २,००० फूट असायचं, आता १,००० फूट. त्यासाठी प्रत्येक कंपनीने प्रत्येक प्रकारच्या गटातल्या किमान दोन विमानांची उंची धरून ठेवण्याची अचूकता दर दोन वर्षांनी किंवा १,००० उड्डाणतासांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हा, मोजून घ्यायची. यातलं काय कुठल्या नियामकाने एकट्याने ठरवलं, सांगा.

कलम_३८

प्रक्रिया बरोबर सांगितलीत, निष्कर्ष घाईचा आहे. माझ्या नावातच उत्तर आहे.

कलम ३८ म्हणतं की एखादं मानक पाळणं जमणार नाही असं देशाला वाटलं, तर त्याने फरक कळवावा. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. आणि शिफारशींच्या बाबतीत कळवण्याचं बंधनही नाही, तशी नुसती विनंती आहे. म्हणजे तुमच्या त्या 'वरून आलेल्या मजकुराला' बाहेर पडायचं दार पहिल्या दिवसापासून ठेवलेलं आहे.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरचं. २०१६ मध्ये आयकाओने ठरवलं की २७,००० किलोपेक्षा जड, नव्या विमानांत शेवटच्या २५ तासांचं ध्वनिमुद्रण राहिलं पाहिजे. युरोपने ते घेतलं. अमेरिकेने दोनच तास ठेवले. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ चा दाराच्या जागी बसवलेला पत्रा हवेत निघून गेला. विमान जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं, म्हणजे हवं तर २५ तासांचा रेकॉर्डर त्यात सहज बसला असता. विमान सुखरूप उतरलं, पण रेकॉर्डरचा सर्किट ब्रेकर वेळेत ओढला गेला नाही, वीज चालू राहिली, आणि दोन तासांचं चक्र स्वतःवरच पुन्हा लिहीत गेलं. चौकशी करणाऱ्यांच्या हाती त्या घटनेचा एकही शब्द लागला नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, तेव्हा कुठे २५ तास तिथे सक्तीचे झाले.

आठ वर्षं मानक होतं. कायदा बदलला तो संसदेने, करारातल्या मानकाने नाही.

वारादर्शक

उदाहरण चोख आहे. पण दार उघडं आहे म्हणजे बाहेर पडणं फुकट आहे, असं नाही. कलम ३९ आणि ४० पुढे वाचा. ज्या विमानाचं प्रमाणपत्र किंवा ज्या माणसाचा परवाना आंतरराष्ट्रीय मानकाला कमी पडतो, त्यावर तशी नोंद करायची, आणि तशा नोंदीचं विमान किंवा वैमानिक दुसऱ्या देशाच्या हद्दीत त्या देशाच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. कलम ३३ मध्ये दुसऱ्याचं प्रमाणपत्र मान्य करण्याचं बंधन आहे, ते किमान मानक पाळलेलं असेल तरच. फरक कळवणं म्हणजे स्वतःच्या कागदांची किंमत स्वतः कमी करून घेणं.

कलम_३८

कागदावर. परवान्यावर तशी नोंद केलेली किती वेळा दिसते? आणि बरेच देश फरक कळवतच नाहीत, कारण फरक शोधायलासुद्धा माणसं लागतात. मानकं आणि शिफारशी मिळून बारा हजारांवर गेल्या आहेत. प्रत्येक ओळीसमोर स्वतःच्या नियमातली ओळ लिहायची, 'सारखं', 'कडक', 'वेगळं', 'लागू नाही' असं ठरवायचं आणि आयकाओच्या संगणकप्रणालीत भरायचं. छोट्या देशाच्या नियामकाकडे हे करणारे दोन लोक असतात, आणि तेच विमानतळ तपासणीलाही जातात.

खरा धाक कुणाचा आहे ते मी सांगतो. १९९२ पासून अमेरिकेचा नियामक दुसऱ्या देशांच्या नियामकांना वर्ग १ आणि वर्ग २ अशा दोन खणांत टाकतो. वर्ग २ मध्ये गेलात की त्या देशाच्या कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणं नाहीत, आहेत तेवढीच ठेवायची, आणि अमेरिकी कंपनी त्यांच्या विमानावर आपला कोड लावू शकत नाही, म्हणजे त्यांची उड्डाणं आपल्या नावाने विकू शकत नाही. लक्षात घ्या, विमान कंपनी कितीही उत्तम असो, शिक्षा होते ती तिच्या देशाच्या नियामकाच्या दुबळेपणाची. युरोपने २००६ पासून बंदी घातलेल्या कंपन्यांची काळी यादी सुरू केली. हे दोन्ही बाजाराच्या जोरावर उभे आहेत. ज्याच्याकडे सगळ्यांना जायचंय, त्याचा नियम सगळे पाळतात.

काळा_डबा

दोघेही एकाच गोष्टीची दोन टोकं ओढताय. अमेरिकेची वर्ग १-२ ची तपासणी कशावर होते? शिकागो कराराच्या परिशिष्ट १, ६ आणि ८ वर. म्हणजे परवाने, विमानाचं चालन आणि उड्डाणयोग्यता. काठी अमेरिकेची, पण मोजपट्टी आयकाओचीच.

थायलंडचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. आयकाओच्या तपासणीत आठ 'कळीचे घटक' बघतात: मूळ कायदा, तपशीलवार नियम, यंत्रणेची रचना, पात्र तांत्रिक माणसं, त्यांना दिलेली मार्गदर्शक साधनं, परवाने देण्याची पद्धत, देखरेख, आणि सापडलेल्या दोषांचा निपटारा. जगभरात सगळ्यात कच्चा निघतो तो चौथा, म्हणजे माणसं. थायलंडमध्ये कंपन्यांना चालन प्रमाणपत्रं देण्याच्या पद्धतीत गंभीर दोष निघाला, आणि जून २०१५ मध्ये आयकाओच्या संकेतस्थळावर देशाच्या नावापुढे लाल झेंडा लागला. त्याच्याही आधी जपान आणि दक्षिण कोरियाने थाई कंपन्यांची नवी उड्डाणं थांबवली होती. डिसेंबरात अमेरिकेने वर्ग २ मध्ये टाकलं. आणि त्याच महिन्यात युरोपने एकही थाई कंपनी काळ्या यादीत घातली नाही.

मोजमाप एकच, निकाल दोन. अमेरिका नियामक बघते, युरोप नियामकाबरोबर प्रत्येक कंपनीचं रॅम्पवरचं, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानाच्या तपासणीतलं, रेकॉर्डही बघतो. लाल झेंडा ऑक्टोबर २०१७ मध्ये निघाला, तोही आंतरराष्ट्रीय कंपन्यांना नव्या पद्धतीने पुन्हा प्रमाणपत्रं दिल्यावर. अमेरिकेचा वर्ग १ परत मिळायला मात्र एप्रिल २०२५ उजाडला.

त्यामुळे करार की ताकद हा प्रश्नच मला नीट मांडलेला वाटत नाही. करार नसता तर अमेरिकेला 'तुमचा नियामक कमी पडतो' म्हणायला भाषाच नव्हती, नुसती दादागिरी झाली असती.

कलम_३८

अजूनही ती थोडी दादागिरीच आहे. मोजपट्टी सगळ्यांची, पण ती हातात धरून दुसऱ्याच्या दारात जाण्याची ऐपत दोघा-तिघांचीच. उलटं कधी झालंय? २५ तासांच्या रेकॉर्डरवरून अमेरिकेला कुणी वर्ग २ मध्ये टाकलं का?

काळा_डबा

नाही टाकलं. तो मुद्दा तुमचा.

पण 'उलटं कधी झालं' म्हणाल तर मार्च २०१९. त्या महिन्याच्या १० तारखेला इथिओपियन एअरलाइन्सचं ७३७ मॅक्स पडलं. ११ ला चीनने सगळी मॅक्स जमिनीवर ठेवली, १२ ला युरोपने, आणि ज्या देशाने या विमानाचं डिझाइन प्रमाणित केलं होतं त्या अमेरिकेने १३ ला. दुसऱ्याचं प्रमाणपत्र निमूट मान्य करण्याची इतक्या वर्षांची सवय दोन दिवसांत मोडली.

आता माझ्या आवडत्या परिशिष्ट १३ बद्दल, कारण करार लोकांना काय करायला लावतो हे तिथे सगळ्यात जवळून दिसतं. अपघात ज्या देशात झाला तो चौकशी चालवतो. विमानाची नोंदणी ज्या देशात, कंपनी ज्या देशाची, डिझाइन जिथलं, बांधणी जिथली, या चौघांना आपला अधिकृत प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत. अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत, नाही जमला तर दर वर्षदिनी अंतरिम निवेदन. अंतिम मसुदा या देशांना पाठवायचा, ६० दिवस वाट बघायची. त्यांच्या हरकती पटल्या तर मसुदा बदलायचा, नाही पटल्या आणि त्यांनी आग्रह धरला तर त्या अहवालाला जोडायच्या. आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की चौकशीचा एकमेव उद्देश पुन्हा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही.

इथिओपियाच्या अहवालात गडबड झाली ती याच जोडण्याच्या पायरीवर. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम अहवाल आला. अमेरिकी चौकशी संस्थेचं म्हणणं होतं की मॅक्समधल्या एमकॅस प्रणालीचा, म्हणजे विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या यंत्रणेचा, दोष आम्हाला मान्यच आहे, पण वैमानिकांनी आणीबाणीत काय केलं आणि त्यांचं प्रशिक्षण कसं होतं, हा भाग अहवालात पुरेसा नाही. त्यांच्या ताज्या हरकती अहवालाला जोडल्याच गेल्या नाहीत, म्हणून त्यांनी त्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकल्या. पाठोपाठ फ्रेंच संस्थेनेही आपल्या टाकल्या. कुणाला दंड झाला नाही, कुणाला जाब विचारला गेला नाही. पण परिशिष्टातली ती एक ओळ होती म्हणून आज वाचणाऱ्याला कळतं की कागदात काय कमी आहे आणि ते कुठे शोधायचं.

भाडेपट्टा

तुम्ही सगळे सुरक्षेतच अडकलात. नियम खरे कुठे चावतात ते पैशाच्या बाजूला येऊन बघा.

आज मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यातली बरीच विमानं भाड्याची असतात. मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, उडतंय तिसऱ्याच देशात. मूळ शिकागो करारात सगळी जबाबदारी नोंदणीच्या देशावर होती. त्या देशाचा निरीक्षक पाच हजार किलोमीटरवर उडणारं विमान कधी बघणार? म्हणून कलम ८३ दुय्यम आलं, १९९७ पासून लागू. दोन देश आपसात करार करून हवाई नियम, रेडिओ परवाना, उड्डाणयोग्यता आणि कर्मचाऱ्यांचे परवाने यांची जबाबदारी चालवणाऱ्या कंपनीच्या देशाकडे सोपवू शकतात. त्या कराराचा सारांश विमानात ठेवावा लागतो, नाहीतर रॅम्प तपासणीत अडता.

या व्यवस्थेची परीक्षा २०२२ मध्ये झाली. रशियात उडणारी शेकडो भाड्याची विमानं बर्म्युडात नोंदलेली होती, आणि बर्म्युडा-रशिया यांच्यात ८३ दुय्यमचा करार होता. निर्बंध आले. आता देखरेख करता येत नाही, असं म्हणून १२ मार्चला बर्म्युडाने त्या विमानांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रं तात्पुरती स्थगित केली. १४ मार्चला रशियाने कायदा करून तीच विमानं आपल्या नोंदवहीत घ्यायची सोय केली. कलम १८ स्पष्ट सांगतं की एक विमान एका वेळी दोन देशांत वैधपणे नोंदलेलं असू शकत नाही. जूनमध्ये आयकाओने रशियाला गंभीर सुरक्षा दोषाचा झेंडा लावला, ऑक्टोबरात परिषदेच्या निवडणुकीत रशिया पडला.

विमानं मात्र देशांतर्गत उडतच राहिली. बाहेर जायची पंचाईत, कारण दुसऱ्या देशात उतरलं की मालक जप्तीचा अर्ज घेऊन उभा. म्हणजे कराराची हद्द नेमकी कळली: आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत तो चालतो, आत शिरत नाही.

कलम_३८

हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

भाडेपट्टा

थांबा, पुढचं ऐका. करार आतही शिरतो, पण देशाने स्वतःच्या कायद्यात दार उघडलं तर.

केपटाउन करार, २००१. विमान, इंजिन आणि हेलिकॉप्टर यांच्यावरचे मालकाचे आणि कर्ज देणाऱ्याचे हक्क जगभर एकाच नोंदवहीत, आणि ती नोंदवही आयर्लंडमध्ये. इंजिन ही वेगळी वस्तू धरलीय, त्यामागे व्यवहार आहे: दुरुस्तीच्या घाईत एका विमानाचं इंजिन दुसऱ्याच्या पंखाखाली जातं, आणि त्या दोघांचे मालक वेगळे असतात. भाडेकरू कंपनी एक अपरिवर्तनीय अधिकारपत्र लिहून देते. पैसे थकले की मालक ते नियामकाकडे देतो आणि विमान नोंदणीतून काढून बाहेर नेतो. कंपनी दिवाळखोरीत गेली तर 'पर्याय अ' निवडलेल्या देशात ठरलेल्या मुदतीत, बहुधा ६० दिवसांत, थकबाकी चुकती करा नाहीतर विमान परत द्या.

भारत २००८ मध्ये या करारात आला आणि पर्याय अ निवडला. नियामकाच्या नियमात अधिकारपत्र आल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी काढायची तरतूदही होती. पण दिवाळखोरी संहितेत सर्व वसुलीला स्थगिती आहे, आणि केपटाउनला वरचढ ठरवणारा कायदा संसदेने केलेला नव्हता. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली. मालकांनी अर्ज केले, स्थगितीमुळे अर्ज अडले. सरकारने ३ ऑक्टोबर २०२३ ला विमानांना स्थगितीतून सूट देणारी अधिसूचना काढली. ५४ विमानांची नोंदणी काढण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश आला २६ एप्रिल २०२४ ला. साठ दिवसांचं वचन, लागलं जवळपास वर्ष. विमान उभं असलं की नुसतं भाडं बुडत नाही, सुटे भाग काढून दुसरीकडे लावले जातात, देखभालीच्या नोंदी तुटतात, आणि नोंदी नसलेल्या इंजिनाची किंमत भंगाराच्या जवळ जाते. २०२५ मध्ये शेवटी स्वतंत्र कायदा झाला.

त्यामुळे वारादर्शक यांचं 'वरून आलेला मजकूर' हे तांत्रिक परिशिष्टांपुरतं ठीक. खाजगी हक्कांच्या करारात अंमलबजावणीचा कायदा नसेल तर सही हे नुसतं आश्वासन, आणि त्या आश्वासनाची किंमत भाड्याच्या दरात मोजली जाते.

सामानपट्टा

खाजगी हक्क म्हणालात म्हणून प्रवाशाची बाजू. १९९९ चा माँट्रियल करार हा माझ्या मते सगळ्यात थेट चावणारा.

मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर एका मर्यादेपर्यंत कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. ती मर्यादा १,००,००० एसडीआर होती, दर पाच वर्षांनी महागाई बघून वाढते, २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८०. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं पाच चलनांवरून ठरणारं एकक. मर्यादेच्या वर मागणी असेल तर आपली चूक नव्हती हे कंपनीने सिद्ध करायचं. सामानाला १,५१९, विलंबाला ६,३०३, आणि मालाला किलोमागे २६.

लोक चुकतात ते कागदपत्रांत. खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्याची २१ दिवसांत, आणि दावा दोन वर्षांत. पट्ट्यावर बॅग फाटलेली दिसली आणि घरी जाऊन महिन्याने ईमेल केला, तर वकिलालाही फार काही करता येत नाही.

आणि कुठला करार लागू, हे कंपनीच्या देशावरून ठरत नाही. तिकिटावरचं निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण बघतात. शेजारशेजारच्या दोन सीटवर बसलेल्या दोघांना वेगवेगळे नियम लागू शकतात: एकाचं परतीचं तिकीट माँट्रियलमधल्या देशातून सुरू होऊन तिथेच संपतं, दुसऱ्याचं एकेरी तिकीट करारात नसलेल्या देशात संपतं. विमान एक, खड्डा एक, भरपाई दोन.

कलम_३८

पण विलंब झाला तर प्रवाशांना ठरावीक मदत द्यायचं बंधन युरोपने स्वतःच्या नियमाने लावलंच ना? माँट्रियलचं कलम २९ सांगतं की नुकसानभरपाईचे दावे या करारातल्या अटींनीच चालतील. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २००६ मध्ये हरल्या.

सामानपट्टा

हरल्या, कारण न्यायालयाने भेद काढला. माँट्रियल प्रत्येकाच्या वेगळ्या नुकसानीची भरपाई बघतं, आणि युरोपचा नियम सगळ्यांना सारखीच, जागेवरची मदत बघतो, त्यामुळे दोन्ही एकत्र नांदतात. तर्क बारीक आहे, मला स्वतःला तो पूर्ण पटत नाही. पण बघा, युरोपला करार बाजूला टाकता आला नाही, त्याच्याभोवतीनं जायला जागा शोधावी लागली.

टाकीफुल्ल

इंधनावर कुणी बोललं नाही म्हणून. 'शिकागो कराराने विमान इंधनावर कर लावायला बंदी केलीय' हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता राग येत नाही. कलम २४ फक्त विमान येताना टाकीत असलेल्या आणि जाताना टाकीतच राहिलेल्या इंधनाला सूट देतं. तिथे नव्याने भरलेल्या इंधनाची सूट येते द्विपक्षीय हवाई सेवा करारांतून. आयकाओचं धोरण त्याला पाठिंबा देतं, पण ते धोरण आहे. म्हणजे कर लावायचा तर शिकागो बदलायची गरज नाही. गरज आहे शेकडो द्विपक्षीय करारांतलं ते एक कलम एकेक करून सोडवायची, आणि तेच जास्त अवघड. देशांतर्गत उड्डाणाच्या इंधनावर कर लावायला आजही कुणाची आडकाठी नाही.

बाजाराच्या ताकदीची हद्द दाखवणारं उदाहरणही इथेच आहे. युरोपने २०१२ पासून आपल्या उत्सर्जन व्यापारात, म्हणजे कार्बन उत्सर्जनाचे परवाने घ्यायला लावणाऱ्या योजनेत, परदेशी कंपन्याही ओढल्या. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये सांगितलं होतं की युरोपीय संघ स्वतः शिकागो कराराचा पक्षच नाही, तेव्हा तो संघाला बांधत नाही. कायद्याने जिंकले. चीनने आपल्या कंपन्यांना भाग घ्यायला बंदी केली, अमेरिकी काँग्रेसमध्ये तशा बंदीची सोय करणारं विधेयक पुढे सरकलं, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने 'घड्याळ थांबवलं': बाहेर जाणारी-येणारी उड्डाणं वगळली. कलम_३८, तुमच्या सिद्धांताप्रमाणे एवढा मोठा बाजार हरायला नको होता.

त्या भांडणातून २०१६ मध्ये कोर्सिया आलं, उत्सर्जनाची भरपाई करण्याची जागतिक योजना. पण पायाच, म्हणजे ज्याच्या वरच्या उत्सर्जनाचीच भरपाई करायची ती पातळीच, इतकी सैल की २०२१ ते २०२३ च्या प्रायोगिक टप्प्यात कंपन्यांवर भरपाईचा बोजा शून्य पडला. पायाभूत वर्ष २०१९ धरलं होतं, आणि साथीनंतरची वाहतूक त्याच्या खालीच राहिली. आता पाया २०१९ च्या ८५ टक्क्यांवर आहे, आणि २०२७ पासून बहुतेक मोठ्या देशांना सक्ती. मार्गाच्या दोन्ही टोकांचे देश योजनेत असतील तरच तो मार्ग मोजला जातो, हेही विसरू नका.

कलम_३८

युरोप हरला तो दुसऱ्या दोन मोठ्या बाजारांपुढे. माझा सिद्धांत शाबूत आहे.

आणि वाद सोडवायची जागा म्हणून कराराकडे बघाल तर कतारचं बघा. जून २०१७ मध्ये चार अरब देशांनी कतारच्या विमानांना आपली हद्द बंद केली. कतारभोवतीचं आकाश बहारीनच्या नियंत्रणाखाली, म्हणजे उडून जायचं तरी कुठून? कतार आयकाओ परिषदेकडे गेला. परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकार आहे की नाही, एवढाच प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचं उत्तर, 'आहे', आलं १४ जुलै २०२० ला. मूळ वादावर निकाल लागायच्या आत जानेवारी २०२१ मध्ये राजकीय समेट झाला.

वारादर्शक

निकाल लागला नाही, खरं. पण तोवर विमानं उडत होती, ती कशी? आयकाओने काही आठवड्यांत खुल्या समुद्रावरून आपत्कालीन मार्ग आखून दिले. खुल्या समुद्रावर कुणाचंही सार्वभौमत्व नाही, तिथे कलम १२ प्रमाणे नियम थेट शिकागोचे, कलम ३८ ची पळवाट तिथे नाही. तुमच्या नावाचं दार किनाऱ्यावर संपतं.

भाडेपट्टा यांचा मुद्दा मात्र घेतो. 'कारकून' हा शब्द मी तांत्रिक परिशिष्टांपुरता ठेवतो.

कलम_३८

समुद्रावर मान्य. जमिनीवरचं तपासायचं असेल त्यांनी कुठल्याही देशाचं वैमानिकी माहिती प्रकाशन उघडावं, सामान्य भागातला विभाग १.७. तिथे त्या देशाचे फरक परिशिष्टनिहाय छापलेले असतात. यादी लांब असेल तर घाबरू नका, त्या देशात निदान कुणीतरी बसून वाचलेलं असतं. परिशिष्ट ६ च्या पुढे नुसतं 'फरक नाही' लिहिलं असेल, तर मात्र त्या देशाच्या चालन नियमातलं रेकॉर्डरचं कलम काढून तास मोजून बघा.